नववा फोन

लेमवी, बुधवार, २ सप्टेंबर २०१५

ट्रिने,

एकच विचारते, खरं सांग. विबेके तुला फोन करते का?

सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि त्यात हे, असं म्हणशील. म्हण खुशाल. तू माझा फोन उचलत नाहीस, मग दुसरं मी काय करू?

पाद्रीनिवासाच्या बेचाळीस खिडक्यांचं टेंडर मागच्या आठवड्यात गेलं. थिस्टेडच्या ओवेला मिळालं. आपल्याहून त्याचा आकडा इतका थोडा कमी होता की चर्चच्या मंडळातल्या माणसालाच हसू आलं. मला म्हणाला, “बोडिल, एका कडीकोयंड्यानं हरलात की हो!” मला नाही हसू आलं. असं हरणं मी आधी पाहिलेलं आहे. २००९ सालचा वसंत तुला आठवत असेल. एकामागून एक तीन टेंडरं, तिन्ही ओवेला, तिन्ही केसाच्या अंतरानं. तेव्हा आकडे तू काढत होतीस. आता मी काढते. तू स्वानेकेला बसलेली, समुद्रापलीकडे. मग ह्या वेळी आकडा बाहेर गेला कसा?

मी आणि आपला मुकादम प्रेबेन सोडले तर आकडा कानावर पडू शकेल असं माणूस म्हणजे विबेके. दाराशी बसते, सगळे फोन तिच्या हातातून जातात. आणि ती तुझी मैत्रीण. तुझ्या वाढदिवसाला ती रजा घेते हे मला कळत नाही असं तिला वाटतं.

अजून एक सांगते, ऑफिसात कुणाला बोललेले नाही. आपण फोनची सगळी व्यवस्था बदलतो आहोत. बाबांनी एकोणनव्वद साली भिंतीवर बसवलेली ती पेटी अजून तीच आहे. आठ फोन त्यावर चालतात. तू गेलीस तेव्हा आपण नऊ माणसं होतो, आज सत्तावीस आहोत. बंदरापलीकडे नवी शेड झाली. गिऱ्हाईक फोन करतं, लाइन लागत नाही, कंटाळून दुसरीकडे जातं. दोन वर्षं विबेके माझ्या मागे लागली होती, “अहो बदला आता ते खोकं, लोकांना वाटतं आपण मेलो.” मी टाळत होते. आता हो म्हटलं, पण तिच्यासाठी नाही. आरहूसहून टोकदार बुटांचा एक विक्रेता आला होता. बोलता बोलता सहज म्हणाला की नव्या व्यवस्थेत कुणी, कुणाला, किती वाजता आणि किती वेळ फोन केला ते सगळं पडद्यावर दिसतं. मी तिथल्या तिथे सही केली.

तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. पडदा सांगेलच. त्याआधी तू सांगितलंस तर बरं.

बोडिल


लेमवी, शुक्रवार, ११ सप्टेंबर

ट्रिने,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं! “विबेके आणि मी नाताळला एकमेकींना कार्ड पाठवतो. तिला त्रास देऊ नकोस.” खाली नाव नाही, नुसतं ‘ट्रि’. अक्षर ओळखलं मी.

नाताळचं कार्ड. असेल. पण मग तिला त्रास होईल असं तुला का वाटलं? मी तर नुसता प्रश्न विचारला होता.

जोडणीवाला आला आहे. लाउगे नाव त्याचं, साठीला टेकलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा. बोलतो कमी, बघतो फार. असा माणूस मला आवडत नाही. पहिल्या दिवशी पेटीचं झाकण उघडून अर्धा तास नुसता उभा. मी विचारलं, “काय हो, बिघडलंय काही?”

“बिघडलेलं नाही. म्हातारं झालंय. किती फोन आहेत तुमच्याकडे?”

“आठ.”

“आठ?” त्यानं पुन्हा आत डोकं घातलं. “चार नंबर कुणाचा?”

चार नंबर म्हणजे तुझं टेबल. आता मी तिथेच बसते, खिडकीजवळ उजेड बरा म्हणून. मी म्हटलं, “माझा.”

“तुमच्या फोनवर कधी मध्येच आवाज खोल जातो का? विहिरीतून बोलल्यासारखा?”

जातो. कधीकधी जातो. पण हे ह्याला कसं ठाऊक? मी म्हटलं, “जुना फोन आहे, जाणारच.”

“हं,” म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी जवळ गेले तर कागद घडी करून खिशात घातला. दुपारी पाहिलं तर विबेकेच्या टेबलाशी उभा राहून तिची कॉफी पीत होता. मला बघून दोघं गप्प झाली.

ह्या लोकांना आपली प्रत्येक वायर कळते. उद्या कुणी त्याला दोन गोष्टी विचारल्या तर तो सांगणार नाही कशावरून?

तू विचारशील, मी हे तुला का लिहिते. मलाही नक्की माहीत नाही. सत्तावीस माणसांत मला बोलायला कुणी नाही, एवढं खरं.

बोडिल


लेमवी, मंगळवार, २२ सप्टेंबर

ट्रिने,

हे पत्र नीट बसून वाच.

काल नवे फोन सुरू झाले. सकाळी नुसता गोंधळ. पहिल्या गिऱ्हाइकाला मी हवी होते, फोन लागला थेट खानपानाच्या खोलीत. तिथे प्रेबेन मासे लावलेला काळा पाव खात होता. त्यानं भरल्या तोंडानंच नगरपालिकेच्या बाईंना सांगितलं, “बोडिल? ती इथे कधी येत नाही, बाई.” सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष पडद्याकडे. मला विबेकेची यादी हवी होती.

पहिल्याच दिवशी यादीत काय दिसणार! मला धीर धरवला नाही. दहा वाजता तिला आत बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं, पाद्रीनिवासाचा आकडा तिनं कुणाला सांगितला.

तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “तुम्ही ट्रिनेला असंच विचारलं होतंत का? नाही, तिला तर सगळ्यांसमोर विचारलंत. माझ्यावर मेहेरबानी केलीत म्हणायची, दार लावून घेतलंत.”

“विषय बदलू नकोस.”

“तोच विषय आहे. एकवीस वर्षं मी इथे बसते आहे, बोडिल. तीन आठवड्यांत मी जाते. नवीन बाई बघा, आणि तिच्यावर संशय घ्यायला आधीच कुणीतरी नेमून ठेवा.”

तेवढ्यात दारावर टकटक. लाउगे. त्याला आमच्या चेहऱ्यांवरून काही कळलं असेल तर दाखवलं नाही. म्हणाला, “जुनी पेटी उतरवतोय. तुमचे आठ फोन सापडले. नववा कुठे आहे?”

“नववा नाहीये.”

“चार नंबरवरून दोन वायरी निघतात. एक तुमच्या टेबलाला. दुसरी भिंतीतून मागे गेलीय.”

मागे म्हणजे जुनी रंगकामाची शेड, जी २००७ सालापासून काचवाल्या मोगेन्सला भाड्यानं दिली आहे. आम्ही तिघं अंगणातून गेलो, मी, लाउगे आणि विबेके. विबेकेला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली. मोगेन्स दारातच होता. मोठ्यानं म्हणाला, “या या! नव्या फोनचा केक द्यायला आलात की काय?” त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं. लाउगे काही न बोलता त्याच्या बाजूनं आत गेला आणि वायरीच्या मागे मागे कोपऱ्यापर्यंत पोचला. तिथे काचेच्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यानं दोन बाजूला केल्या.

फोन भिंतीवरच होता. बाबांच्या वेळचा, करड्या रंगाचा. त्या शेडमध्ये सगळ्यावर बोटभर धूळ, काचेची पूड. फोनवर नव्हती. त्याखाली एक स्टूल होतं आणि स्टुलावर गादी.

लाउगे म्हणाला, “चार नंबरवर कुणी बोलत असलं की हा उचलायचा, सगळं ऐकू येतं. फक्त तिकडचा आवाज जरा खोल जातो.”

मी मोगेन्सकडे पाहिलं. तो म्हणाला, “तो फोन? तो तर बंद आहे. मी कधी हातसुद्धा लावला नाही.”

“मग पुसता कशाला?” विबेके म्हणाली.

तो काचेच्या चौकटी पुन्हा भिंतीला टेकवायला लागला. उत्तरं त्याला नंतर बरीच सुचली. आणि त्याची बायको कोण, तर ओवेची बहीण.

आता तू हिशोब कर. तू चार नंबरवर बसायचीस. बाबा आजारी, घरी पडून. कुठलंही टेंडर भरण्याआधी शेवटचा आकडा तू त्यांना फोनवर सांगायचीस आणि ते “भर” म्हणायचे. त्या तिन्ही वेळा असंच झालं असणार. आणि ह्या ऑगस्टमध्ये प्रेबेन बंदरापलीकडच्या शेडमध्ये, मी त्याच टेबलावरून त्याला आकडा सांगितला.

तू काही केलं नव्हतंस.



बोडिल


लेमवी, शुक्रवार, २५ सप्टेंबर

ट्रिने,

आज सकाळी शुक्रवारच्या न्याहारीला सगळे जमले होते. नवी मुलं बरीच आहेत, त्यांना तू कोण हेही ठाऊक नाही. पाव कापून झाल्यावर मी उभी राहिले.

मी म्हटलं, “सहा वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी उभी राहून मी माझ्या बहिणीला चोर म्हटलं. आपले आकडे ती ओवेला विकते, असं म्हटलं. स्ट्रूएर गावी ती त्याच्याबरोबर कॉफी पिताना दिसली, एवढाच माझा पुरावा होता. ती निर्दोष होती. मी चुकले.” मग फोनचं सांगितलं. प्रेबेन खाली बघत होता. त्या दिवशीही तो असाच खाली बघत होता. शेवटी म्हणाला, “तिला कळवलंस का?” मी म्हटलं, कळवलं. “मग ठीक,” म्हणाला. पण ठीक नाही हे त्याच्या आवाजात होतं.

विबेकेची मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली आणि राजीनामा मागे घेतला नाही.

वकिलाला भेटले. तो म्हणतो, ऐकल्याचा पुरावा नाही, फोनवर धूळ नव्हती हे कोर्टात चालत नाही. मोगेन्सला जागा सोडायला सांगितलं आहे. लाउगेनं ती वायर माझ्यासमोर कापली.

तू गेल्यावर मी चर्चच्या मंडळाला आणि पाच-सहा बांधकामवाल्यांना लिहिलं होतं, की विश्वासघातामुळे आपण वेगळ्या झालो. म्हणून तुला आपल्या धंद्यात कुणी उभं केलं नाही. त्या सगळ्यांना आज नवं पत्र पाठवलं, माझ्या सहीनं. प्रत सोबत जोडली आहे.

एवढं मात्र समजून घे, ट्रिने. मला माहीत नव्हतं. रंगकामाची शेड भाड्यानं देताना वायर कापायची राहून गेली. तेव्हाचा वायरमन केव्हाच वारला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दैव म्हण, काही म्हण, पण मी ते मुद्दाम केलं नाही.

नाताळला येशील का? तुझी खोली आहे तशी आहे.

बोडिल


स्वानेके, बुधवार, ३० सप्टेंबर

बोडिल,

चारही पत्रं वाचली. शेवटचं दोनदा.

ओवेनं त्या दिवशी स्ट्रूएरला मला नोकरी देऊ केली होती. मी नाही म्हटलं. घरच्या धंद्याशी अशी बेइमानी करणार नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं. शनिवारी तुला सांगणार होते. तू शुक्रवारीच उभी राहिलीस.

मी उन्हाळ्यात मासे धुरावर वाळवणाऱ्यांकडे काम करते आणि हिवाळ्यात शाळेची चावी सांभाळते. वाईट नाही. पण दुसऱ्याच्या घरची जुनी खिडकी दिसली की हात आपोआप चौकटीवर जातो. लोक विचारतात, तुला ह्यातलं कळतं का? मी म्हणते, थोडंफार.

‘राहून गेली’ असं लिहिलं आहेस. कुणाकडून राहून गेली? मोगेन्सला किल्ली दिली त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, रंगकामाच्या शेडमधला फोन बंद केला ना? मी पायऱ्यांवर होते, तू गाडीत बसत होतीस. तू म्हणालीस, “हो गं, केला.” म्हणून तर मी त्या टेबलावरून मागचापुढचा विचार न करता बोलत होते.

मला एकच सांग. तो फोन चालू आहे हे तुला केव्हा कळलं? ह्या महिन्यात की आधी?

नाताळचं त्यानंतर बघू.

ट्रिने


लेमवी, मंगळवार, ६ ऑक्टोबर

ट्रिने,

आधी.

हे पत्र मी पाच वेळा लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत काहीतरी वेगळं यायचं. आता हा एकच शब्द आधी लिहून टाकला, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

जागा भाड्यानं दिली तेव्हा वायरमननं मला विचारलं होतं, “कापू का?” मी म्हटलं, “असू दे, दोन वर्षांनी जागा परत लागली तर पुन्हा ओढत बसावं लागेल.” तुला “केला” म्हणाले, कारण घाईत होते आणि तू नेहमी असं काही ना काही विचारायचीस. इतकं साधं. त्यात काही कपट नव्हतं. कपट नंतर आलं.

तू मे महिन्यात गेलीस. जूनच्या शेवटी मोगेन्सचं छप्पर गळतं म्हणून मी बघायला गेले. तो नव्हता, दार उघडं होतं. कोपऱ्यात फोन दिसला. मी उचलला. का उचलला, देव जाणे. आतून बाबांचा आवाज आला. विबेके तुझ्या टेबलावरून त्यांच्याशी बोलत होती. औषधांबद्दल काहीतरी. मग बाबा म्हणाले, “ट्रिने कधी येणार आहे?” आणि विबेके म्हणाली, “येईल, येईल.”

मी फोन अलगद ठेवला.

मला तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. मोगेन्सच्या बायकोचं माहेर मला तिच्या लग्नापासून ठाऊक. तुझ्या मागे धावत स्वानेकेला यायला एक दिवस पुरला असता. पण मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते, पत्रं पाठवून बसले होते. मी स्वतःला म्हटलं, फोन चालू असला म्हणून ट्रिने निर्दोष ठरते असं थोडंच आहे. दोन्ही खरं असू शकतं. असं मी रोज म्हणत राहिले. वायर कापायला वायरमनला बोलवावं लागलं असतं. त्यानं विचारलं असतं, आजच का? मोगेन्सला घालवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का? म्हणून दोन्ही तसंच ठेवलं.

आणि मला नक्की कळलं होतं, ह्याचा पुरावाही आहे. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी चार नंबरवरून एकदाही आकडा बोलले नाही. चालत जायचे, कागदावर लिहून दाखवायचे. लोक म्हणायचे, बोडिल फार काटेकोर. आपण नऊचे सत्तावीस झालो ते त्यामुळे. म्हणजे तुझ्यावरचा डाग मी पुसला नाही, पण तो कुठून आला ते ओळखून स्वतःपुरती सावध राहिले. बाबा विचारत गेले आणि मी त्यांनाही सांगितलं नाही. तू बाबांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली होतीस, तेव्हाही नाही.

ऑगस्टमध्ये शेडच्या कामाच्या धांदलीत मी विसरले. एकदाच. टेंडर गेलं. मग मला कुणीतरी हवं होतं जिच्यावर ते ढकलता येईल. माझा विबेकेवर खरंच संशय होता का? आता वाटतं, मला तो असायला हवा होता. लाउगेनं “नववा कुठे आहे” विचारलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर “नववा नाहीये” म्हटलं. तोंडातून सहज निघालं.

शुक्रवारी सगळ्यांसमोर मी “चुकले” म्हटलं. ते खोटं होतं. चूक पाच आठवडे होती. उरलेली सहा वर्षं ती चूक नव्हती. येत्या शुक्रवारी हेही सांगणार आहे. माझ्यानंतर खुर्चीवर कुणी बसायचं ते प्रेबेन आणि बाकीच्यांनी ठरवावं, असं त्यांना लिहून देते आहे.

इथपर्यंतचं पत्र आज दुपारी विबेकेला वाचायला दिलं. तिचा शेवटचा आठवडा आहे. तिनं उभ्यानंच वाचलं आणि पानांची नीट घडी केली. मग म्हणाली, “हे पाठवू नका, बोडिल. आधीच्या माफीवर ती कदाचित आली असती. हे वाचून ती कधीच येणार नाही.”

मी म्हटलं, “तिनं विचारलंय.”

विबेकेनं पत्र परत दिलं. मी तिच्यासमोरच पाकिटावर तुझा पत्ता लिहिला. पाचला टपाल निघतं. आता निघते.

बोडिल